ओल्या बोटांनी चालेल ते घड्याळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहणं रत्नागिरीत, आठवड्याला ४० किलोमीटर धावणं, हिवाळ्यात एक अर्धमॅरेथॉन, रविवारी सायकल आणि यंदापासून समुद्रात पोहायची इच्छा. फोन अँड्रॉइड, खर्चाची तयारी ३० हजारांपर्यंत, आणि तेच घड्याळ ऑफिसातही घालायचं आहे. दुकानदार म्हणतो, "स्मार्टवॉच घ्या, त्यात सगळंच आहे." धावणारी मित्रमंडळी म्हणतात, स्पोर्ट्स वॉचच घे. खरं काय?

या सरावासाठी बटणांचं स्पोर्ट्स वॉच घ्या आणि त्याच खर्चात छातीचा हार्ट रेट पट्टा बसवा. घड्याळ थोडं खालच्या मॉडेलचं आलं तरी चालेल, पट्टा सोडू नका. स्मार्टवॉच कधी घ्यावं, तेही पुढे सांगतो, कारण तशी माणसंही बरीच आहेत.

दुकानात खोके शेजारी ठेवले तर दोन्हींवर तेच शब्द दिसतात: जीपीएस, हार्ट रेट, पोहणं, झोप, १०० व्यायामप्रकार. यादीवरून निवड होत नाही ती म्हणूनच. स्मार्टवॉच मुळात फोनची मनगटावरची शाखा आहे. झगझगीत पडदा, मोठा प्रोसेसर, ॲप, कॉल, पैसे देणं, आणि सोबत व्यायामाची नोंद. स्पोर्ट्स वॉच मुळात नोंद करणारं यंत्र आहे, फोनचे संदेश त्यात मागाहून आले. हा फरक एसी दुकानात कळत नाही. जुलैत भाट्याच्या पुलावरून आडवा पाऊस अंगावर घेत धावताना लॅप (एका टप्प्याची वेगळी वेळ) घ्यायचा असतो, तेव्हा कळतो.

टचस्क्रीन बोटाच्या दाबावर चालत नाही, बोटामुळे काचेखालच्या विद्युतक्षेत्रात होणाऱ्या बदलावर चालते. पाणी, त्यातही खारं पाणी आणि घाम, विजेचे चांगले वाहक. काचेवर पावसाचे थेंब पडले की घड्याळाला अनेक बोटं एकदम लागल्यासारखं वाटतं. मग पान आपोआप सरकतं, नोंद मध्येच थांबते किंवा खरं बोट ओळखलंच जात नाही. उपाय म्हणून स्मार्टवॉचमध्ये वॉटर लॉक असतो. तो लावला की पडदा शांत होतो, पण तुम्हालाही पडदा वापरता येत नाही. काही स्मार्टवॉचना दोन बटणांवर विराम घेता येतो आणि ॲपल वॉच अल्ट्राला खास ॲक्शन बटण आहे, म्हणजे कंपन्यांनाही ही अडचण माहीत आहे. तरी पाच बटणांच्या घड्याळावर सुरू, थांबा, लॅप, वर, खाली हे सगळं न बघता, ओल्या आणि वाळूने भरलेल्या बोटांनी होतं. कोकणात जून ते सप्टेंबर पाऊस आणि मार्च ते मे घाम. वर्षातले सात महिने मनगट ओलंच असतं. टच आणि बटणं दोन्ही असलेलं घड्याळ घेतलंत तर सेटिंगमध्ये जाऊन व्यायामापुरता टच बंद करून टाका.

पाण्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज '५ एटीएम' या खुणेचा आहे. याचा अर्थ घड्याळ ५० मीटर खोल नेता येतं असा नाही. ५० मीटर पाण्याइतका स्थिर दाब नव्या घड्याळाने प्रयोगशाळेत सोसला, एवढंच ती खूण सांगते. पोहायला ५ एटीएम पुरतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्कूबा करणार असाल तर पुरत नाही, ते घड्याळ होडीतच ठेवा. डायव्हिंगला त्यासाठीच बनवलेलं घड्याळ लागतं, किंवा ॲपल वॉच अल्ट्रासारखं, ज्याला ४० मीटरपर्यंतच्या हौशी डायव्हिंगची मान्यता आहे. आणि पाणी अडवणारं रबरी सील कायम तसंच राहत नाही. गरम पाण्याची आंघोळ, साबण, सनस्क्रीन यांनी ते लवकर उतरतं. डास पळवायच्या मलमात डीट असेल तर ते प्लास्टिक खातं, म्हणून ते लावलेल्या हाताने घड्याळ हाताळू नका. पाणी शिरून झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत. बिल आणि अटी आधी वाचा.

समुद्रकाठी घड्याळं बिघडतात ती पाणी शिरून कमी आणि मिठाने जास्त. खारं पाणी सुकलं की बटणांच्या भोकांत आणि चार्जिंगच्या धातूच्या टिकल्यांवर मीठ बसतं. त्यावर केबल लावली की ओलसर मिठातून वीज वाहते आणि टिकली हिरवी-काळी पडून झिजते. पुढे घड्याळ चार्जच होत नाही आणि लोक बॅटरीला दोष देतात. तेव्हा किनाऱ्यावरून आल्यावर घड्याळ गोड्या, थंड पाण्याच्या बारीक धारेखाली धरा. फिरती कळ असेल तर धारेखालीच ती दहा-पंधरा सेकंद फिरवा. बटण अडकत असेल तर घड्याळ गोड्या पाण्यात थोडा वेळ भिजत ठेवा, सुई किंवा टाचणी घालू नका. टिकल्या मऊ टूथब्रशने घासा, कापडाने टिपा, पंख्याखाली अर्धा तास ठेवा आणि मगच केबल लावा. किनाऱ्यावर न जाता नुसता घाम आला असेल तरी हेच करा, घामही खारटच. नायलॉनचा पट्टा हलका आणि मनगटावर छान बसतो, पण आपल्या दमट हवेत दिवसभर वाळत नाही, वास मारतो आणि खाली घामोळं उठतं. सरावाला सिलिकॉनचा पट्टा ठेवा, रोज साबणाने धुवा (पट्टा काढून, घड्याळासकट नव्हे), आणि अंगावर पुरळ दिसलं की चार दिवस दुसऱ्या मनगटावर बांधा.

बॅटरीचा हिशेब लोक फक्त 'किती दिवस पुरते' एवढाच करतात. ॲपल वॉचच्या नेहमीच्या मॉडेलांना कंपनी १८ ते २४ तास सांगते, अल्ट्राला ३६ ते ४२. याउलट स्पोर्ट्स वॉचांत गार्मिन फोररनर ५५ साधारण दोन आठवडे चालतं आणि जीपीएस सतत चालू ठेवून २० तास. फोररनर १६५ जीपीएसवर १९ तास, कोरोस पेस ३ तर ३८ तास. अर्धमॅरेथॉन कोणतंही घड्याळ पार करेल. पण २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब सायकलस्वारी) मुदत साडेतेरा तास असते, ३०० ची २० तास. तिथे बहुतेक स्मार्टवॉच वाटेतच मान टाकतात.

दुसरा हिशेब आयुष्याचा. अशा छोट्या लिथियम बॅटऱ्या साधारण ५०० ते १,००० पूर्ण चार्जनंतर क्षमता ठळकपणे गमावतात. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ तो आकडा दीड ते तीन वर्षांत गाठतं. आठवड्यातून एकदा चार्ज होणाऱ्याचे वर्षाला ५२ च होतात, तिथे आधी वयच आड येतं. शिवाय कोकणातली वीज. पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की रात्र अंधारात जाते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. रोज भूक लागणारं घड्याळ अशा ठिकाणी सरावाची नोंद तोडतं.

आता जीपीएस. घेण्याआधी एक गोष्ट तपासा. दोन-तीन हजारांच्या बऱ्याच स्मार्टवॉचवर 'जीपीएस' लिहिलेलं असतं, पण घड्याळात रिसीव्हरच नसतो. ते फोनचं जीपीएस वापरतात, म्हणजे फोन खिशात घेऊन धावायचं. तपशिलात 'बिल्ट-इन जीपीएस' असं स्पष्ट हवं, 'कनेक्टेड जीपीएस' असेल तर घेऊ नका.

खरा रिसीव्हर असला तरी उघड्या आभाळाखाली तीन-पाच मीटरची चूक धरून चाला. गुहागर किंवा दिवेआगरच्या पुळणीवर कोणतंही बरं घड्याळ चांगली रेघ काढतं. घोटाळा होतो तो नारळी-पोफळीच्या दाट वाड्यांमधल्या अरुंद पाखाडीवर आणि घाटात. ओली पानं सिग्नल शोषतात. कुंभार्लीला किंवा आंबा घाटात एका बाजूला उभा कडा असतो, त्यावर आपटून आलेला सिग्नल लांबचा रस्ता घेऊन येतो आणि घड्याळ तुम्हाला दरीत नेऊन ठेवतं. ड्युअल फ्रिक्वेन्सीचं घड्याळ, म्हणजे उपग्रहाच्या एल १ लहरीसोबत एल ५ ही दुसरी लहरही ऐकणारं, असे आपटून आलेले सिग्नल बरेच ओळखून बाजूला काढतं. घाटात नियमित जाणाऱ्याने त्यासाठी जास्तीचे पैसे द्यावेत. सडकेवर आणि किनाऱ्यावर धावणाऱ्याला त्याची निकड नाही.

फुकटचा फायदा मात्र सवयीत आहे. आदल्या रात्री घड्याळ फोनशी सिंक करा, म्हणजे येत्या काही दिवसांत उपग्रह कुठे असतील याची माहिती त्यात उतरते आणि सकाळी पकड लवकर मिळते. माडाखाली उभं राहून सुरू करू नका. मोकळ्यावर या, जीपीएस सापडल्याची खूण होऊ द्या, आणखी मिनिटभर थांबा. नोंद दर सेकंदाची ठेवा. ऑटो पॉज बंद करा, कारण चढावर हळू झालात की तो उगाच घड्याळ थांबवतो आणि सरासरी वेग खोटा चांगला दाखवतो.

स्पर्धेत घड्याळ २१.३ किलोमीटर दाखवतं आणि लोक आयोजकांवर चिडतात, 'मार्ग लांब होता' म्हणून. मार्ग मोजताना वळणांची सर्वांत जवळची रेघ धरतात. तुम्ही गर्दीतून, वळणांच्या बाहेरून धावता आणि जीपीएसची नागमोड त्यात भर घालते. याचा व्यवहारात उपयोग असा. दोन तासांच्या आत यायचं तर २१.०९७५ किलोमीटरला दर किलोमीटर ५ मिनिटं ४१ सेकंद लागतात. पण घड्याळ २१.३ मोजणार असेल तर त्याच्या पडद्यावर ५:३८ दिसायला हवं. ५:४१ वर विसंबलात तर शेवटच्या कमानीत मिनिटभर उशीर होतो. त्याहून चांगलं म्हणजे ऑटो लॅप बंद करून प्रत्येक किलोमीटरच्या पाटीशी हाताने लॅप दाबणं, आणि तिथे पुन्हा बटणाचाच विषय येतो.

पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुलीही हाच प्रश्न विचारतात, त्यांच्यासाठी उत्तर वेगळं आहे. १,६०० मीटर किंवा ८०० मीटरच्या चाचणीला जीपीएस घड्याळ नकोच. मैदानाच्या वळणांवर ते आतून कापतं. १,६०० मीटरमध्ये दोन टक्के चूक म्हणजे ३२ मीटर, आणि ५ मिनिटं १० सेकंदांच्या वेगाला ते सहा सेकंद होतात. सहा सेकंदांत गुण बदलू शकतात. टेपने मोजून चुन्याची रेघ मारलेलं मैदान आणि लॅप घेणारं साधं डिजिटल घड्याळ किंवा स्टॉपवॉच याहून अचूक आहे. वाचलेले पैसे बुटांवर आणि खाण्यावर घाला.

हृदयाच्या ठोक्यांवर जरा जास्त लिहितो, कारण इथे लोक खोट्या आकड्यावर महिनोनमहिने सराव करतात. मनगटाचा सेन्सर हिरवा प्रकाश कातडीत टाकतो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर किती प्रकाश परत येतो ते मोजतो. घड्याळ हललं की प्रकाशही हलतो. धावताना हात पावलांच्या तालात हलतात, आणि घड्याळ ठोक्यांऐवजी तो ताल पकडून बसतं. याची खूण ओळखायला सोपी आहे. गप्पा मारत सावकाश धावताय, आणि घड्याळ १६५ ते १७५ दाखवून तिथेच चिकटलंय, तर मिनिटाची पावलं मोजा. आकडा जुळला तर ते ठोके नाहीत, तुमची पावलं आहेत. घामाने पट्टा सरकणं, मनगटाच्या हाडावर बांधणं, काचेवर खोबरेल तेल किंवा सनस्क्रीनचा थर, गोंदण, खडबडीत रस्त्यावर सायकलच्या हँडलची थरथर, व्यायामशाळेत वाकलेलं मनगट, ही बाकीची कारणं. बांधायची योग्य जागा हाडाच्या एक-दोन बोटं वर, कोपराकडे. पट्टा हलवल्यावर कातडीही सोबत हलेल इतका घट्ट. व्यायाम झाला की एक भोक सैल करा.

सावकाश, एकसारख्या धावेला मनगट बहुतेक वेळा बरं सांगतं. ४०० मीटरच्या इंटरव्हलला (वेगवान तुकडे, मध्ये विसावा) नाही, कारण आकडा मागाहून चढतो आणि तोवर तुमचा वेगवान तुकडा संपतोही. छातीचा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत थेट उचलतो. पोलर या फिनलंडच्या कंपनीने १९८२ मध्ये बिनतारी पट्टा आणि मनगटावरचा रिसीव्हर बाजारात आणला, तेव्हापासून सरावात तोच मापदंड आहे. चांगला पट्टा ब्लूटूथ आणि अँट प्लस (व्यायामाच्या उपकरणांची बिनतारी भाषा) दोन्हींवर बोलतो, त्यामुळे उद्या घड्याळ बदललं तरी तो फुकट जात नाही. अँट प्लस बहुतेक स्मार्टवॉचना कळत नाही, सायकलचे जुने वेगमापक त्यांना जोडताना हीच अडचण येते. पट्टा बांधण्याआधी आतल्या रबरी पट्ट्या पाण्याने ओल्या करा, कोरड्यावर पहिली दहा मिनिटं आकडे उड्या मारतात. काढल्यावर सेन्सर पट्ट्यापासून सोडवून ठेवा. ओला पट्टा जोडलेला राहिला तर सेन्सरला वाटतं माणूस अजून आत आहे, आणि नाण्याएवढी बॅटरी महिन्यात संपते. पट्टा गोड्या पाण्यात धुऊन सावलीत टांगा.

झोन, म्हणजे सरावाच्या जोराप्रमाणे ठोक्यांच्या पायऱ्या, ठरवताना '२२० वजा वय' वापरू नका, त्यात दहा-बारा ठोक्यांची चूक सहज असते. थंडीतल्या एका सकाळी सपाट रस्त्यावर १५ मिनिटं अंग गरम करा, मग ३० मिनिटं एकट्याने, टिकेल तितक्या जोराने पळा. दहाव्या मिनिटाला लॅप दाबा. शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हा तुमचा उंबरठ्याचा ठोका, म्हणजे बराच वेळ टिकणाऱ्या सर्वाधिक जोराचा ठोका, धरा आणि झोन त्याच्या टक्केवारीने बसवा. ही चाचणी मेमध्ये केलीत तर आकडा हवेचा येईल, तुमचा नाही. दमट उन्हाळ्यात घाम सुकत नाही, अंग निवत नाही, कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं आणि त्याच वेगाला ठोके दहा-पंधराने वर जातात. घड्याळ वेग आणि ठोके ताडून व्हीओ२ मॅक्सचा, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा, अंदाज बांधतं. एप्रिल-मेमध्ये तो आकडा घसरला आणि 'सराव निष्फळ' असा शेरा आला तर सराव बदलू नका. काही स्पोर्ट्स वॉच उष्णतेची सूट देतात, पण तापमान ती फोनवरून आलेल्या हवामानातून घेतात, म्हणून फोनशी सिंक ठेवा. त्या महिन्यांत सावकाश धाव ठोक्यांवर ठेवा आणि वेगाकडे बघूच नका.

पोहण्याकडे येतो. घड्याळ पाण्याखाली गेलं की जीपीएस बंद, कारण तो सिग्नल पाण्यातून जात नाही. फ्रीस्टाइलमध्ये हात वर आला की क्षणभर सिग्नल मिळतो, आणि 'ओपन वॉटर' प्रकार या क्षणांतून मार्ग जोडतो. साधा 'रन' प्रकार लावून पोहलात तर वेडीवाकडी, फुगलेली रेघ मिळते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मनगट पाण्याखालीच राहतं, तिथे हा प्रकारही अडखळतो. उपाय जुना आहे: घड्याळ पोहण्याच्या टोपीखाली डोक्याच्या मागच्या बाजूला, किंवा कमरेला बांधलेल्या नारिंगी तरंगत्या बॉयच्या वरच्या पिशवीत ठेवा. ब्लूटूथही पाण्यात मरतं, म्हणून छातीचा पट्टा स्वतःच्या आत नोंद साठवून नंतर देणारा असेल तरच समुद्रात उपयोगी. खरेदी करताना ही ओळ नीट वाचा: फोररनर ५५ तलावात पोहणं मोजतं, समुद्रातलं नाही. १६५ आणि पेस ३ मध्ये ओपन वॉटर आहे. डिसेंबरच्या सुमारास मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या समुद्री स्पर्धांची तयारी मनात असेल तर ५५ वर थांबू नका. आणि कोणतंही घड्याळ बॉयची किंवा सोबत्याची जागा घेत नाही. समुद्रात एकट्याने उतरू नका.

उंची मोजणाऱ्या बॅरोमीटरबद्दल किनाऱ्यावरच्या माणसाला एक वरदान मिळालेलं आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळाला तुम्ही सुमारे साडेआठ मीटर वर चढल्यासारखं वाटतं. आपल्या पट्ट्यात सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वाधिक असतो आणि दुपारी चारपर्यंत तीन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणजे पुळणीवर बसून राहिलात तरी २५-३० मीटर चढाई जमा होईल, वादळी दिवशी तर बरीच जास्त. म्हणून आंबोलीसारख्या, ७०० मीटरच्या घरातल्या चढाला निघण्याआधी किनाऱ्यावर किंवा जेटीवर उंची शून्याजवळ हाताने बसवा. समुद्रासारखी खूणगाठ घाटावरच्या लोकांना मिळत नाही. बॅरोमीटरचं बारीक छिद्र मिठाने बुजलं तर उंची पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारते, तेव्हा घड्याळ गोड्या पाण्यात बुडवून ठेवा आणि छिद्रात काही खुपसू नका.

भरती-ओहोटी दाखवणं हे हल्ली काही घड्याळांत असतं, त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. तिथीची पाऊणपट हा जुना हिशेब सरावाला पुरतो. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, तेव्हा सहाच्या सुमारास भरती, पहाटेही आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांब गेलेलं. लांब धावेचा रविवार त्या दोन-तीन दिवसांत आला तर कडक, ओली, सपाट वाळू मिळते. अष्टमीच्या आसपास सकाळी फक्त वरची भुसभुशीत, तिरकी वाळू उरते, तिथे घोटे दुखतात आणि घड्याळाचा वेगही काही सांगत नाही. त्या दिवशी सडकेवर जा.

सायकलला मनगट बघणं त्रासाचं आणि धोक्याचं. घड्याळ हँडलवर बांधा आणि ठोके छातीच्या पट्ट्यावरून घ्या. सागरी महामार्गावर एक चूक सगळेच करतात: दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीत चढताना नोंद थांबवायची राहते. बोट चालती असते, म्हणून ऑटो पॉजही लागत नाही, खाडीचं अंतर सायकलीच्या खात्यात जातं आणि सरासरी वेग खाली येतो. चढताना एक लॅप, उतरताना एक लॅप दाबा, नंतर तो तुकडा वेगळा काढता येतो.

आता स्मार्टवॉच कधी घ्यावं. पहाटे अंधारात एकटीने किंवा एकट्याने धावायचं आहे, फोन न्यायचा नाही आणि वाटेत नेटवर्क आहे, तर ई-सिमचं, म्हणजे फोनशिवाय स्वतः कॉल लावणारं, स्मार्टवॉच घ्या. संकटात मनगटावरून ११२ लागणं हे सगळ्या लॅप आणि झोनांपेक्षा मोलाचं आहे. बहुतेक स्पोर्ट्स वॉचचा अपघाताचा इशारा सोबतच्या फोनमधूनच जातो. आधी तुमच्या रोजच्या वाटेवर नेटवर्क कुठे तुटतं ते फोनने तपासा, खाडीच्या उतरणीला आणि घाटात ते हमखास जातं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण परदेशातून मागवू नका. भारतात परवान्याशिवाय ते जवळ बाळगल्यास पोलीस कारवाई होते.

दुसरी बाजू हृदयाची. अनियमित ठोक्यांची सूचना आणि मनगटावरचा ईसीजी यांत चांगली स्मार्टवॉच पुढे आहेत. चाळिशीनंतर धावायला लागलेल्यांना आणि घरात हृदयविकार असलेल्यांना त्याचा खरा उपयोग आहे. पण हा ईसीजी हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. छातीत दडपण आलं तर घड्याळ बघत बसू नका, थांबा आणि थेट डॉक्टरकडे जा. तिसरी बाजू साधी आहे: आठवड्याला दोन-तीनदा अर्धा तास चालणं-पळणं असेल आणि दिवसभर कॉल-संदेश हेच मुख्य काम असेल, तर स्पोर्ट्स वॉच वाया जाईल. स्मार्टवॉच घेताना फोन बघा. ॲपल वॉच आयफोनशिवाय चालत नाही आणि सॅमसंग गॅलेक्सीची नवी घड्याळं फक्त अँड्रॉइडशी जुळतात. स्पोर्ट्स वॉच दोन्हींशी बोलतं.

तुमच्या बाबतीत धावणं, सायकल आणि समुद्र तिन्ही आहेत, तेव्हा पेस ३ किंवा फोररनर १६५ या जातीचं घड्याळ बघा. घाटात जास्त जात असाल तर पेस ३, त्याला ड्युअल फ्रिक्वेन्सी आहे आणि बॅटरी दुप्पट. दिवसभर ऑफिसात उजळ, ठळक पडदा हवा असेल तर १६५. छातीच्या पट्ट्याचे पैसे धरून रक्कम वर जात असेल तर मॉडेल एक वर्ष जुनं घ्या. किमती सारख्या उतरतात, मागच्या पिढीतही हे सगळं असतं. नातेवाइकाकडून परदेशातून आणलेल्या घड्याळाची वॉरंटी इथे चालेल का, ते आधी विचारा. दुरुस्तीला बहुधा मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं. चार्जिंगची एक जादा केबल त्याच वेळी घ्या, ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि गावातल्या दुकानात मिळत नाही.

घड्याळ हातात आलं की परत करायची मुदत संपण्याआधी चार चाचण्या करा. मोजलेल्या ४०० मीटरच्या मैदानावर पहिल्या लेनमधून दहा फेऱ्या: चार किलोमीटरला तीस-चाळीस मीटरपर्यंत फरक आला तर ठीक, शंभराच्या वर गेला तर सेटिंग बघा आणि पुन्हा करा. पोफळीच्या वाडीतली वाट जाऊन-येऊन, मग नकाशावर दोन्ही रेघा किती लांब पडल्या ते बघा. छातीचा पट्टा फोनला आणि मनगटाचा सेन्सर घड्याळात, असा एक इंटरव्हलचा सराव, म्हणजे तुमच्या मनगटावर कितपत विसंबायचं ते कळेल. आणि शेवटी बादलीत हात बुडवून, बोटं ओली असतानाच पाच लॅप घ्या, विराम द्या, पुन्हा सुरू करा, नोंद जतन करा. यातलं एकही काम अडलं तर ते घड्याळ त्याच दिवशी परत करा.